किमोच्या दोन डोसांमधले दिवस: घरी रुग्णाची शुश्रूषा कशी करायची

डे-केअरमध्ये सलाईन संपतं, सुई निघते, बोळा दाबून धरायला सांगितलं जातं आणि मग सोबतचा माणूस विचारतो, "सिस्टर, आता घरी नेऊन काय करायचं?" तोवर संध्याकाळ झालेली असते. पुढचा रुग्ण खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत असतो, आणि गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते. उत्तर दोन मिनिटांत उरकतं. कर्करोग विभागात काम करताना या दोन मिनिटांची मला कायम खंत वाटत आली. जे सांगायचं राहून जातं, ते इथे सावकाश लिहिते आहे.

बरेच किमो दर २१ दिवसांनी असतात. त्यातला एक दिवस रुग्णालयात जातो आणि उरलेले २० घरी. पुढचा डोस वेळेवर मिळणार की पुढे ढकलावा लागणार, हे बरंचसं या २० दिवसांवर ठरतं. ताप वेळेत कळला का, तोंड आलं तरी जेवण चालू राहिलं का, वजन टिकलं का, या सगळ्याची उत्तरं घरातच तयार होतात. म्हणून घरी जी व्यक्ती शुश्रूषा करते, तिला मी उपचाराचाच भाग समजते.

निघण्यापूर्वी

वॉर्डातून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात. आज दिलेल्या औषधांची नावं, घरी घ्यायच्या गोळ्यांचं लिहिलेलं वेळापत्रक, रात्री-बेरात्री लागणारा फोन नंबर आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख. गोळ्यांची वेळ तोंडी सांगितली तर लिहून मागा. लाजू नका, सिस्टर रागावत नाहीत, आणि रागावल्या तरी मागा.

घरी जाताना वाटेत दोन वस्तू घ्या: एक डिजिटल थर्मामीटर आणि एक शंभरपानी वही. वहीत रोज तारीख आणि किमोनंतरचा कितवा दिवस ते लिहायचं. सकाळ-संध्याकाळचा ताप, किती वेळा उलटी, शौचाला किती वेळा, काय आणि किती खाल्लं, कोणती गोळी कधी दिली, दुखणं दहापैकी किती, आणि आठवड्यातून एकदा वजन. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर "तसं बरंच होतं, मध्ये जरा त्रास झाला" यापेक्षा ही वही फार उपयोगी पडते. "चौथ्या दिवशी सहा उलट्या" असं वाचून डॉक्टर पुढच्या वेळचं औषध बदलू शकतात.

आर्थिक बाजूही इथेच पाहून घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र', म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्यांना भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते.

पहिले दोन दिवस

किमोची औषधं शरीरातून लघवी, शौच आणि उलटीवाटे बाहेर पडतात. साधारण ४८ तास हे स्राव हाताळताना हातमोजे घाला. कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश करा. साधा संडास असेल तर दोनदा भरपूर पाणी ओता. पुरुष रुग्णांनी या दोन दिवसांत बसून लघवी केली तर शिंतोडे उडत नाहीत. माखलेल्या चादरी आणि कपडे वेगळे धुवा. घरातल्या गरोदर बाईने आणि लहान मुलांनी हे काम करू नये.

हे वाचून कोणी रुग्णाचं ताट-वाटी वेगळी काढू नये. कॅन्सर संसर्गजन्य नाही. जवळ बसणं, एका ताटात जेवणं, नातवाला मांडीवर घेणं यात काहीही धोका नाही. वेगळ्या पेल्यात पाणी मिळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. औषधाच्या त्रासापेक्षा तो पेला त्यांना जास्त लागतो.

काही गोष्टी आधी माहीत असल्या की घाबरगुंडी उडत नाही. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. ऑक्झॅलिप्लाटिननंतर गार पाणी प्यायलं किंवा फ्रीजला हात लावला तर बोटांत आणि घशात मुंग्या येतात, म्हणून काही दिवस सगळं कोमट ठेवा. सुई टोचलेल्या जागी जळजळ, सूज किंवा फोड दिसला तर मात्र त्याच दिवशी कळवा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर आतलं मांस खराब करतात. त्या जागी चोळू नका, आणि गार की गरम शेक द्यायचा ते विचारल्याशिवाय काहीच लावू नका, कारण ते औषधाप्रमाणे बदलतं.

उलटी

उलटीची गोळी उलटी व्हायची वाट बघून द्यायची नसते. लिहून दिलेल्या वेळी, मळमळत नसतानाही द्यायची. सिसप्लाटिनसारख्या औषधाची उलटी दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत येऊ शकते. पहिला दिवस चांगला गेला म्हणून गोळ्या बंद केलेले रुग्ण तिसऱ्या दिवशी अर्धमेले होऊन येतात.

आजकाल रात्री ओलान्झापिन नावाची गोळी देतात. मुलगा मोबाईलवर शोधतो, 'मानसिक आजाराचं औषध' असं वाचतो आणि गोळी परस्पर बंद करतो. ही गोळी उलटीवर उत्तम काम करते आणि झोपही लावते, म्हणूनच ती दिलेली असते. शंका आली तर फोन करा, गोळी थांबवू नका.

किमोच्या दिवशी फोडणीचा वास नको वाटतो. स्वयंपाकघर आणि पलंग यांत अंतर ठेवा. जेवण कोमट किंवा गार द्या, त्याला वास कमी येतो. मेतकूट-भात, कोरडी पोळी, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, आल्याचा लहानसा तुकडा, लिंबाचं सरबत, असं थोडं थोडं देत राहा. दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर सलाईन लागणार हे समजा.

सातवा ते चौदावा दिवस: ताप

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हा भाग ठेवा.

किमो वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करते. रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगाने वाढतात, त्यामुळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. वॉर्डात आम्ही "काउंट पडलाय" म्हणतो. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढतात. त्यांची संख्या एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १,५०० च्या वर असते. ती ५०० च्या खाली गेली की साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. लढायला पेशीच नसल्यामुळे पू होत नाही आणि सूज दिसत नाही. अनेकदा ताप हे एकच लक्षण असतं.

म्हणून रोज दोनदा ताप मोजा, आणि अंग कणकणलं किंवा हुडहुडी भरली की मधल्या वेळीही मोजा. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त दिसला की निघायचं. रात्रीचे दोन वाजले असोत, दिवाळीचा पाडवा असो किंवा पाऊस असो, सकाळची वाट बघायची नाही. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ती गोळी ताप झाकते आणि जंतू आत वाढत राहतात. कपाळाला हात लावून "एवढा नाहीये" म्हणणं या दिवसांत पुरेसं नाही.

किमोचं केंद्र लांब असेल तर तिथपर्यंत प्रवास करत बसू नका. जवळचं जिल्हा रुग्णालय किंवा दाखल करून घेणारं मोठं रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे पोचल्यावर रांगेत न बसता हे वाक्य म्हणा: "किमो चालू आहे, आज अकरावा दिवस आहे, १०१ ताप आहे." कितवा दिवस ते वहीत असेलच. फाईल पुढे करा आणि तुमच्या केंद्राच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून द्या. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. एकदा एक आजोबा सकाळी नऊला आले होते. ताप आदल्या रात्री आठला आला होता. सुनेने गोळी देऊन झोपवलं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबांना आयसीयूत न्यावं लागलं. ते वाचले, पण त्या सुनेचा चेहरा मी विसरले नाही. तिची चूक नव्हती, आमची होती.

या दिवसांत गुदद्वारातून ताप मोजणं, एनिमा, गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या हे सगळं टाळा. गर्दीचं लग्न, जत्रा, सर्दी झालेले पाहुणे टाळा. मुंज-बारशाचं आमंत्रण असेल तर फोनवर आशीर्वाद द्या. सगळ्यात मोठं संरक्षण साबणाने हात धुण्यात आहे, आणि ते घरातल्या प्रत्येकाला लागू आहे. कुंड्यांची माती, कबुतरांची विष्ठा, कुत्र्या-मांजरांची घाण साफ करणं ही कामं दुसऱ्याने करावीत.

प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, याही याच सुमाराला उतरतात. ब्रश मऊ ठेवा, दाढी इलेक्ट्रिक मशीनने करा, आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं स्वतःहून घेऊ नका. गावच्या दवाखान्यात कमरेला इंजेक्शन घेण्याआधी किमो चालू असल्याचं सांगा. अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त किंवा काळी शौच दिसली तर थांबू नका. पपईच्या पानांचा रस काढत बसू नका. डॉक्टर रक्ततपासणी करून प्लेटलेट्स चढवायच्या की नाही ते ठरवतील.

तोंड येणं

किमोनंतर आठवड्याच्या आसपास, आणि तोंडाला किंवा मानेला शेक (म्हणजे रेडिएशनचे किरण) चालू असेल तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, तोंड येतं. ते पूर्ण थांबवता येत नसलं तरी बरंच आटोक्यात ठेवता येतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घाला. दर दोन-तीन तासांनी, जेवणानंतर आणि झोपताना त्याने हळू गुळण्या करायच्या. उरलेलं पाणी रोज टाकून नवं करा. बाजारातले झणझणीत माउथवॉश वापरू नका, त्यात बऱ्याचदा अल्कोहोल असतं. तिखट, मसाला, आंबट, कडक भाकरी काही दिवस बाजूला ठेवा. भाकरी दुधात कुस्करून चालेल.

जेवणाआधी वीस मिनिटं वेदनेचं औषध किंवा बधिर करणारं जेल लावलं तर दोन घास जास्त जातात, तेवढी वेळ लिहून घ्या. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते, त्याचं औषध वेगळं मिळतं. कवळी फक्त जेवताना लावा. मिश्री, तंबाखू, गुटखा यांना या काळात हातही लावू नका. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण "एवढीशीच मिश्री" म्हणतात. तीच जखम भरू देत नाही आणि शेकाचा उपयोगही कमी करते.

जेवण, आणि नाकातली नळी

किमो चालू असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला रोज ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, पाव लिटर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७. नुसत्या पेजेवर आणि नारळपाण्यावर ठेवलेला रुग्ण का खंगतो, ते या हिशेबावरून कळतं. नाचणीची पेज दुधात करा, त्यात दूध पावडर घाला. खिचडीत मुगाची डाळ वाढवा, वर तूप सोडा. मांसाहार करणाऱ्यांना नीट शिजलेलं अंडं, मासे, चिकन चालतं, हळद-मिठाचा मऊ रस्सा करून द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान खाणी सोपी पडतात. काउंट कमी असताना कच्चं, उघड्यावरचं, शिळं आणि रस्त्यावरचा उसाचा रस नको. साल काढता येतील अशी फळं धुऊन, साल काढून द्या.

"साखर बंद केली की गाठ उपाशी मरते" असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात येतात. तसं होत नाही, उपाशी राहतो तो रुग्ण. गुळवेल, गव्हांकुर, कुठल्याशा वैदूची पुडी यांबद्दल माझं म्हणणं इतकंच की डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. यकृत आधीच किमोची औषधं पचवत असतं, आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण आपल्याकडे नोंदले गेले आहेत.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी नाकातून पोटात नळी घालावी लागते. घरच्यांना ती बघूनच धडकी भरते, पण दोन दिवसांत हात बसतो. भरवण्याआधी नाकाजवळची खूण आहे तिथेच आहे का बघा. खूण सरकली असेल तर काही घालू नका. रुग्णाला पाठीशी उशा लावून बसवा. पिस्टन काढलेली ५० मिलीची सिरिंज नळीला लावा आणि आधी ३० मिली कोमट पाणी सोडा. मग मिक्सरमधून काढून गाळलेलं, ताकाइतकं पातळ जेवण आपोआप उतरू द्या, ढकलू नका. एका वेळी २०० ते २५० मिली, पंधरा-वीस मिनिटांत. शेवटी पुन्हा ३० ते ५० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. झाकण लावा आणि अर्धा ते एक तास बसवूनच ठेवा. मध्येच खोकला किंवा ठसका लागला तर लगेच थांबा. गोळ्या बारीक करून पाण्यात विरघळवून द्या, पण 'एसआर' (हळूहळू विरघळणारी) लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्याऐवजी दुसरं औषध मागा. नळी निघून आली तर घरी परत घालू नका.

पोट, लाईन, शेक

दिवसात चार-पाच वेळा पातळ शौच झालं तर ओआरएस सुरू करा आणि फोन करा. जुलाब थांबवायची गोळी विचारूनच द्या, कारण जुलाबासोबत ताप असेल तर तो वेगळा आणि गंभीर मामला आहे. उलट ओन्डान्सेट्रॉन ही उलटीची गोळी, व्हिन्क्रिस्टिन हे किमोचं औषध आणि वेदनेवरचं मॉर्फिन यांनी पोट घट्ट होतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर सांगा.

पिक लाईन म्हणजे औषध देण्यासाठी दंडातल्या शिरेत घातलेली लांब नळी. तिचं ड्रेसिंग आणि फ्लश (सलाईन सोडून नळी धुणं) दर आठवड्याला करून घ्या. आंघोळीच्या वेळी तिच्यावर प्लास्टिक गुंडाळा. दंड सुजला, लाल झाला किंवा फ्लश केल्यावर थंडी वाजली तर तो लाईनचा संसर्ग असू शकतो. स्तनाचं ऑपरेशन करून काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर बीपी, सुई, जड पिशवी नको.

शेक चालू असताना कातडीवर काढलेल्या खुणा पुसू नका. तिथे तेल, हळद, पावडर, बाम काही नाही. कोमट पाणी, मऊ सुती कपडा, आणि फक्त डॉक्टरांनी दिलेलं मलम. जबड्याला शेक असेल तर तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करा. आइसक्रीमच्या काड्यांची चवड दातांत ठेवून रोज एकेक काडी वाढवायची. दोन महिन्यांनी आवळलेलं तोंड उघडणं फार कठीण जातं.

दुखणं

दुखणं सोसण्यात पुण्य नाही, आणि सोसल्याने आजार लवकर बराही होत नाही. दहापैकी किती दुखतं ते विचारा, वहीत लिहा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनेच्या औषधांची शिडी मांडली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन. तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि पायरीपायरीने.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे विचारतात, "म्हणजे आता शेवट आला का?" तसं नाही. वेदना तीव्र असेल तर ते उपचाराच्या मध्यावरही देतात, आणि वेदना कमी झाली की हळूहळू कमी करतात. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसन क्वचितच लागतं. साधी मॉर्फिन गोळी दर ४ तासांनी द्यायची असते, म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्रीचा डोस डॉक्टर बऱ्याचदा दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठावं लागत नाही. दुखणं येण्याची वाट पाहायची नाही. मध्येच कळ आली तर जादा गोळी किती ते आधीच लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहते, मळमळ आठवडाभर असते, बद्धकोष्ठता मात्र जात नाही. म्हणून मॉर्फिनसोबत रोज पोट साफ होण्याची गोळी चालूच ठेवा. हाक मारूनही डोळे उघडत नसतील आणि श्वास फार सावकाश झाला असेल तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच मदत मागा. ही गोळी अचानक बंदही करू नका. ती प्रत्येक दुकानात मिळत नाही, त्यामुळे संपायच्या पाच दिवस आधी आणून ठेवा. गोळ्या कुलपात ठेवा.

पाठ दुखते आहे, त्यासोबत पायांतली ताकद गेली, मुंग्या आल्या किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्यातली नस दबली असू शकते, आणि चालता येत असताना पोचलेल्याला चालत परत येण्याची शक्यता जास्त असते. सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजणं, अचानक धाप, फिट, गोंधळून बोलणं, पायाची एकच पोटरी सुजणं, यांतही उद्यावर ढकलू नका.

सांगायचं का?

"त्यांना कॅन्सर म्हणू नका सिस्टर, अल्सर सांगितलंय." हे आम्ही रोज ऐकतो. मायेपोटीच लपवलेलं असतं. पण त्या माणसाने वॉर्डावरची पाटी वाचलेली असते, शेजारच्या खाटेशी बोलणं झालेलं असतं. मग तो घरच्यांना त्रास नको म्हणून माहीत नसल्याचं दाखवतो, आणि एका खोलीत सगळे एकटे पडतात. एकदम सगळं सांगायची गरज नाही. "तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय?" असं विचारा. त्यांना जेवढं विचारायचं आहे तेवढ्याचं खरं उत्तर द्या. सह्या त्यांच्या, निर्णयही त्यांचे. केस किमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात, हे आधी सांगितलेली बाई स्वतः जाऊन केस बारीक करून येते. न सांगितलेली उशीवर पुंजका बघून कोसळते.

सोबतचा माणूस

शुश्रूषा बहुतेक घरी एकाच बाईच्या अंगावर पडते: बायको, सून किंवा धाकटी मुलगी. तिच्या जेवणाची आणि झोपेची नोंदही त्याच वहीत करा. रात्रपाळी वाटून घ्या, आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कोणी जागावं. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या भावाला नेमकं काम द्या: गुरुवारची रक्ततपासणी तू ने, मॉर्फिन तू आण, मंगळवारी डबा तू पाठव. आणि वही, थर्मामीटर व फाईल कुठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला आज रात्रीच दाखवून ठेवा.